मावशीचे तीन अँपिअर

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणतात, अगदी मोठे साहेबसुद्धा. वीस वर्षं ती मशीनची इलेक्ट्रिक पॅनेलं दुरुस्त करतेय, पण कागदावर अजून हेल्परच! टेस्टर व्हायचं तर परवाना हवा, परवान्याला परीक्षा, आणि परीक्षेत मावशी दोनदा आपटलेली. यंदाची खेप तिसरी, नियमाप्रमाणे शेवटची. आता गेली तर निवृत्तीपर्यंत काम तिचं आणि खाली सही दुसऱ्याची.

पहिल्या वेळी घोडं लेखीतच अडलं. काही रेझिस्टन्स एकामागोमाग जोडलेले, काही शेजारीशेजारी. बाईंनी सरसकट सगळ्यांची बेरीज ठोकली. नवरा शिंपी. त्याने कपडे बेतायच्या खाकी कागदावर तिच्याकडून वर्षभर गणितं घोटून घेतली. एक दिवस शिवणयंत्राशेजारी बसल्याबसल्या ती ओरडलीच, "अहो, करंटला दोन वाटा मिळाल्या की अडथळा कमीच होणार ना! बेरीज कसली करत होते मी, गाढव कुठची!"

"हे मी म्हटलेलं नाही हं," नवरा सुईत दोरा ओवत म्हणाला.

दुसऱ्या वेळी लेखी सुटलं, घात केला प्रॅक्टिकलने. गणितात तीन अँपिअर आले, मीटरने दोन दाखवले. वीस वर्षं मीटरवर विश्वास ठेवलेली बाई ती! तिने आपलं तीन खोडलं, दोन लिहिलं आणि नापास झाली. महिनाभर स्वतःलाच शिव्या घालत होती.

तिसऱ्या वेळी तोच हॉल, तेच परीक्षक, तोच बोर्ड. चोवीस व्होल्टचा सप्लाय. आधी सहा ओहमचा एक रेझिस्टन्स, त्यापुढे सहाचा आणि तीनचा शेजारीशेजारी. मावशीने पदर खोचला. सहा आणि तीनचा गुणाकार अठरा, बेरीज नऊ, भागले की दोन. त्यात पहिले सहा, झाले आठ. चोवीसला आठने भागा, करंट तीन अँपिअर. पहिल्यावर अठरा व्होल्ट खर्ची पडले, पुढच्या जोडीवर सहा उरले. म्हणजे सहाच्या वाटेने एक अँपिअर, तीनच्या वाटेने दोन. एक न् दोन तीन. चोख!

मीटर जोडला. दोन.

"आटपा मावशी, मागे रांग आहे," परीक्षक म्हणाले.

पण या वेळी तिने पेन उचललं नाही. पहिल्या रेझिस्टन्सवर व्होल्ट मोजले. अठरा हवे होते, भरले बारा. तिचे ओठ हलायला लागले. चोवीसला दोनने भागलं की बारा ओहम. सहा आणि सहा बारा. अरेच्चा, मग तीनवाला गेला कुठे?

"साहेब, मीटर बरोबर आहे आणि माझं गणितही बरोबर आहे. बिघडलाय तो तुमचा बोर्ड."

"गणित चुकलं की सगळ्यांचेच बोर्ड बिघडतात."

"शेवटची खेप आहे माझी, उगाच वाद घालायला वेडी नाही मी. सप्लाय बंद करा आणि मागची फळी उघडा. तीनवाल्याची वायर सुटलेली नसली तर खुशाल नापास करा."

साहेबांनी कुरकुरत फळी उघडली. तीनवाल्याचा स्क्रू गंजलेला, वायर बाजूला लोंबकळतेय, वर धुळीचा जाड थर. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी तिच्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं. मावशीला आनंदाने रडू फुटायचंच बाकी होतं.

"अभिनंदन. शिक्का मारून देतो."

"थांबा साहेब. गेल्या वर्षीही याच बोर्डावर दोनच आले होते. मग पास कोण झाले हो?"

साहेबांनी शिक्क्याची डबी उघडली. मावशीच बोलली, "ज्यांनी मीटरकडे न बघता तीन लिहिलं, ते."

"झालं गेलं जाऊ द्या. तुमचं काम झालं ना? या आता."

मावशीने खुर्ची पुढे ओढली आणि ऐसपैस बसली.

"माझ्याबरोबर आणखी सात जण पडले होते. त्यांचे कागद काढा. माझा शिक्का त्यांच्यानंतर."