दर अंकात नवी पोरगी

यांची जुनी ट्रंक आवरताना कॉमिक्सच्या कागदाचा कुबट वास आला आणि मी थेट पवनीतल्या प्रकाशच्या ओट्यावर जाऊन बसले. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आमच्या दोघांच्याही घरी हातमाग. आतल्या खटखटाटात आम्ही भाड्याने आणलेली कॉमिक्स वाचायचो. मला आकाशात उडणारा नायक आवडायचा, कारण सगळ्या अंकांत त्याची प्रेयसी एकच असायची. प्रकाशचा लाडका मुखवटेवाला. त्याला दर अंकात नवी पोरगी भेटायची आणि शेवटच्या पानावर मागे सुटायची.

त्या दुपारी मालती आली. गोसीखुर्द धरणात त्यांचं गाव जाणार म्हणून तिच्या घरचे आमच्या गल्लीत भाड्याने राहायला आले होते. प्रकाशने सरकून तिला जागा दिली आणि माझ्या हातातला मुखवटेवाल्याचा नवा अंक काढून तिला दिला.

मी जळून गेले. "त्या पोरीले जीव नोको लावू," मी मालतीला म्हटलं. "शेवटी तो तिले सोडूनच देते."

"मंग का झालं?" ती हसली. "तोवर तर तो तिच्याकडंच पाहून रायते ना!"

प्रकाश तिच्याकडे पाहतच राहिला.

सहा महिन्यांत मालतीचं घर पुनर्वसनाच्या गावी गेलं. पुढे प्रकाशशी लग्न माझं झालं, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. यांनी मला कधी अंतर दिलं नाही. जी कायमची राहिली तीच जिंकली, असं मी बरीच वर्षं समजत होते. आज मात्र मालतीचा हेवा त्या दुपारपेक्षाही जास्त वाटतो. तेव्हा तिच्याकडे पाहिलं तसं यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलेलं नाही.