बकुळाची दृष्ट

आमच्या आळीत सकाळी कोंबडा आरवतो आणि संध्याकाळी मी शिंकतो. कोंबड्याचं कारण देव जाणे, माझं कारण रत्नाबाई. त्यांच्या तबेल्याची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे. मी एसटीत उभी हयात ड्रायव्हरकी केली, ताम्हिणीच्या घाटात धुकं आणि डिझेल दोन्ही पचवलं, पण रत्नाबाईंच्या मिरच्यांपुढे मात्र हात टेकले.

रत्नाबाई म्हणजे कुशाबाची बायको. माहेर मुठ्याचं, नांदायला आली आमच्या कोळवण खोऱ्यात. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत गाड्याच्या पुढे एक घोडी पळते. तिच्या मागे बैल जीव टाकून धावतात. कुशाबा ऐन उमेदीत त्या घोडीवर बसायचा आणि गावोगावच्या जत्रांत शिट्ट्या घ्यायचा. घोडीचा चारा, खरारा, लीद, दुखणंखुपणं हे सगळं रत्नाबाईंकडे, आणि त्याला कोण शिट्ट्या मारतो? आता घोडीवर पुतण्या बसतो, पण घोडी रत्नाबाईंचीच. बकुळा तिचं नाव. बकुळाच्या वेळी तिची आई अडली, तेव्हा तिला रत्नाबाईंनीच सोडवलं होतं.

बाई तोंडाने फटकळ. कुशाबाला तिने कधी "जेवला का" म्हणून विचारलेलं मी ऐकलं नाही. बकुळाला मात्र रोज विचारते.

दसऱ्याला बकुळाला झेंडूच्या माळा घालून गावातून मिरवली. रस्त्यावरच्या फार्महाऊसची मंडळी फाटकात येऊन तिचे फोटो काढत होती, वा वा करत होती. रत्नाबाईंचा चेहरा तेव्हाच उतरला. आणि झालंही तसंच. दोन दिवसांत पाइपासाठी खणलेल्या चरात बकुळाचा पुढचा पाय गेला आणि शीर दुखावली. जनावरांच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून सांगितलं, शिमग्यापर्यंत घोडी तबेल्याबाहेर काढायची नाही.

रत्नाबाईंनी डॉक्टरांचा शब्द तंतोतंत पाळला आणि त्याला स्वतःचं औषध जोडलं. रोज दिवेलागणीला त्या खापरात निखारे घेऊन यायच्या, ते तबेल्याच्या दारात ठेवायच्या, मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन बकुळावरून डोक्यापासून खुरापर्यंत उतरवायच्या, मग बाहेर येऊन खापरात टाकायच्या. आता दृष्टीचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि नाही लागला तर दृष्ट जबर. रत्नाबाईंना ठसका लागेना. म्हणून त्या दुसऱ्या दिवशी मिरच्या वाढवायच्या.

मी एकदा खिडकीतून म्हटलं, की बाई, मला इकडे ठसक्याने जीव नकोसा झालाय, म्हणजे दृष्ट नाही असं धरा की.

"तुमाला लागून काय उपेग, भावजी?" त्या म्हणाल्या. "काढनारीला लागाय पायजे."

मी खिडकी लावून घेतली.

शिमगा झाला. डॉक्टरांनी पाय चाचपला आणि खूश झाले. म्हणाले, आता रोज थोडी थोडी चालवा. मात्र आता उभी ठेवलीत तर शीर आखडेल आणि पाय कायमचा अधू होईल. कुशाबाने उत्साहाने कासरा धरला. बकुळा दारापर्यंतसुद्धा आली नाही. मधेच चारी पाय रोवून उभी राहिली. कुशाबाने ओढलं, पुतण्याने मागून रेटलं. गूळ दाखवून झाला, डोळ्यांवर पोतं टाकून झालं, पुढे गाय चालवून झाली. घोडीने मान वर फेकली, तर छपराची तुळई डोक्यात बसली. अंगावर घाम, नुसती थरथर. बघ्यांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. एक जण म्हणाला, दोन चाबूक ओढा. रत्नाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला घरची कामं आठवली.

चार दिवस हेच चाललं. शेवटी कुशाबा ओट्यावर बसला आणि दुसरीकडेच बघत म्हणाला, "पाडव्यापतोर चालली तर ठीक. न्हाईतर खेडला मेव्हन्याकडं धाडू, शिंगरं तरी व्हतील. लंगडी घोडी दारात उभी बघवायची न्हाई मला."

दाराबाहेर न येणारी घोडी खेडला कशी जाणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. रत्नाबाई बादली उचलून तबेल्यात गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तबेल्याच्या दारासमोरच शेवग्याच्या शेंगा काढत होतो. रत्नाबाई नेहमीसारख्या खापर घेऊन आल्या. बकुळा आतून त्यांच्याकडेच बघत होती. खापर दिसलं मात्र, ती वळली, मागच्या भिंतीकडे गेली आणि कोपऱ्यात तोंड खुपसून उभी राहिली. खापरात अजून मिरची पडायची होती.

रत्नाबाई थबकल्या. दोन पावलं मागे गेल्या, तशी बकुळाने मान वळवून पाहिलं. पुढे आल्या, बकुळा पुन्हा कोपऱ्यात. मग त्यांनी खापर नेहमीच्या जागी ठेवलं, शेजारी मिरच्या ठेवल्या, स्वतः आत जाऊन बकुळाच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "भावजी, जरा हिकडं या. मिरच्या टाका खापरात."

मी गेलो, टाकल्या. आमच्याकडे दिवस मावळला की डोंगरावरचा वारा खाली उतरतो, आणि तबेल्याचं दार डोंगराकडे. सगळा धूर सरळ आत घुसला. मला बाहेर काहीच नाही. आतून मात्र रत्नाबाई खोकत, ठेचकाळत बाहेर आल्या आणि मातीतच बसल्या. नाकाडोळ्यांतून धार लागली होती. मी पाण्याने खापर विझवलं.

"मी दाराबाहीर वाऱ्याला पाठ करून हुबी," दम लागत त्या म्हणाल्या, "आन म्हनतीया ठसका का लागंना. दसऱ्यापासनं रोज तिच्या तोंडावर... भावजी, दृष्ट माजीच हुती तिला."

मला हसू येत होतं. त्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

ते खापर त्यांनी ओढ्यापलीकडे नेऊन फोडलं. दार, चौकट, उंबरा धुऊन काढला, शेणाने सारवला. कुशाबाला तंबी दिली की कासरा घेऊन इकडे फिरकायचं नाही. आणि स्वतः उंबऱ्याबाहेर गोणपाट टाकून, घोडीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या. भरड्याची पाटी रोज थोडी थोडी दाराकडे सरकत होती. बकुळा लांबून मान ताणायची, एक घास घ्यायची आणि मागे पळायची. रत्नाबाई वळून बघायच्या नाहीत. बडबड मात्र चालू. आळीतल्या सगळ्यांच्या भानगडी त्या घोडीला समजल्या. त्यात माझ्याही होत्या, मी ऐकल्या.

एका सकाळी मी चहा पीत होतो. दगडावर टाप वाजली. बघतो तर बकुळा चारी पायांनी बाहेर, रत्नाबाईंच्या डोक्यावरचा पदर हुंगत उभी. बाईंनी मागे पाहिलं नाही. फक्त सुपातले हात थांबले होते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, खोटं कशाला बोलू. मी कपबशी खाली ठेवली तीही आवाज न करता.

मग खाचराच्या बांधावरून रोज फिरणं सुरू झालं. औंदाच्या जत्रेत ती पळणार नाही, पण पाय आखडला नाही. पाडव्याला रत्नाबाई तिला सैल कासऱ्याने देवळापर्यंत घेऊन गेल्या आणि सगळ्या गावादेखत परत आल्या. कुशाबाने मेव्हण्याला फोन केला, की घोडी राहू दे, आंबे न्यायला ये.

संध्याकाळी रत्नाबाईंचा हात सवयीने मिरच्यांच्या डब्याकडे गेला. एवढ्या लोकांनी बघितली होती. कुशाबाने तो डबा त्यांच्या हातातून घेतला.

"घोडीची नगं," तो म्हणाला. "हितं बस. आज तुजी काढतो."

उभ्या जन्मात त्याने दृष्ट काढली नव्हती. उलटीसुलटी कशीतरी ओवाळली आणि मूठभर मिरच्या घरातल्या चुलीत टाकल्या. असा ठसका उठला, की कुशाबा, रत्नाबाई आणि भिंतीपलीकडे मी, तिघंही खोकून बेजार झालो. रत्नाबाई डोळे पुसत, हसत ओट्यावर आल्या.

"लागला बाई," त्या म्हणाल्या. "न्हाई कुनाची दृष्ट."

बकुळा बाहेर अंगणात होती, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर पोचणार नाही अशी. त्या संध्याकाळी मी खिडकी लावली नाही.