बटणाने बरा झालेला गुडघा

रागाच्या भरात लिहू नये, तो शमल्यावर लिहावे, असे मी वेदपाठशाळेतल्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. हा मजकूर मात्र राग असतानाच लिहितो आहे, कारण तो शमावा अशी माझी इच्छा नाही.

माझी नात कॉलेजच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूने खेळे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या गुडघ्यातला अस्थिबंध, डॉक्टर ज्याला लिगामेंट म्हणतात तो, तुटला. शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत धावायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. घरात बसून पोरगी कोमेजेल म्हणून माझ्या मुलाने नाशिक रोडच्या एका दुकानातून फुटबॉलचा व्हिडिओ गेम आणला. सायंसंध्या आटोपली की मी तिच्या शेजारी जाऊन बसू लागलो. हळूहळू तिने दुसरा कंट्रोलर माझ्या हाती दिला.

त्या खेळाचे गुण आधी सांगतो. रागातही ते नाकारणे अधर्म होईल. पडद्यावरचे गवत पाहून पाय ठेवावासा वाटतो. पाऊस आला की चेंडू जड होतो, खेळाडूंचे सदरे पाठीला चिकटतात, उन्हे कलली की मैदानावर सावल्या लांबतात. फुटबॉल म्हणजे चेंडूमागची धावाधाव, अशी माझी जन्माची समजूत होती. जिथे अजून कोणीच पोहोचलेले नाही तिथे चेंडू धाडायचा असतो, हे मला या खेळाने शिकवले. समोरून वेगाने कोणी आला की माझा खेळाडू बाजूला होई. नात म्हणे, ‘आजोबा, पाहुणा नाही तो, अडवा त्याला.’

दोषही दिसत होते. पंचाला ढळढळीत धक्का दिसत नसे. समालोचक तीच ती वाक्ये घोळवत. चांगले खेळाडू हवे असतील तर पैसे टाकून बंद पेट्या उघडायच्या आणि आत कोण निघेल ते नशिबावर सोडायचे. शास्त्राने याला द्यूत म्हटले आहे. मी मुलाला सांगून तो प्रकार बंद करवला. एवढ्यावर भागले असते तर मी लेखणी उचलली नसती.

नातीने त्या खेळात स्वतःसारखी एक खेळाडू घडवली होती. उंची तीच, केस तसेच, बाजूही डावीच. एका सामन्यात ती पडली आणि तिच्या चित्रापुढे लाल फुली उमटली: गुडघ्याचा अस्थिबंध, कित्येक महिने विश्रांती. मग नातीने एक बटण दाबले. दिनदर्शिकेचे दिवस भराभर सरकले, फुली गेली, आणि ती मुलगी पूर्वीच्याच वेगाने धावू लागली. कुबडी नाही, सूज नाही, पहिले पाऊल टेकतानाची भीती नाही. ज्यांनी गवताचे पाते न् पाते रेखाटले, त्यांना बरे होणे रेखाटावेसे वाटले नाही.

त्यानंतर तिच्या व्यायामात चालढकल सुरू झाली. एके सकाळी मैत्रिणीकडे जाते म्हणून ती बाहेर पडली आणि संघनिवडीला मैदानावर जाऊन पोहोचली. रिक्षातून उतरवून घरात आणली तेव्हा गुडघा टम्म सुजला होता. अस्थिबंध थोडक्यात वाचला, पण पुढचा उन्हाळा हातचा गेला, असे डॉक्टर म्हणाले. मी कारण विचारले तर ती खाली मान घालून म्हणाली, ‘तिचं झालं ना बरं. मला वाटलं, माझंही झालं असेल.’

त्या संध्याकाळी मी मुलावर आवाज चढवला. त्याचे म्हणणे असे की, खेळच तो, खरोखर महिनोन्‌महिने थांबायला लावले तर विकत कोण घेईल.

‘मग दुखापत तरी कशाला ठेवली?’ मी म्हणालो. ‘पाडायचं अगदी खरं आणि बरं करायचं खोटं, हा कुठला न्याय?’

नातीने भिंतीकडे तोंड केले होते. आता व्यायाम करणार नाही, फुटबॉलही नको, एवढेच ती सांगत राहिली. त्या दिवसांत मला खरी भीती वाटली. गुडघा तसाच आखडून राहिला असता तर ती कधीच धावली नसती.

मला एकच रीत येते. पाठशाळेत संथा देताना गुरू एक चरण एकदा म्हणतात, शिष्य तो दोनदा म्हणतो, आणि तो शुद्ध आल्यावाचून पुढचा चरण मिळत नाही. मी नातीच्या पलंगाशी बसून स्तोत्राचा एक चरण म्हटला. तिने तो दोनदा म्हणायचा आणि प्रत्येक वेळी गुडघा वाकवायचा. फिजिओथेरपीच्या मॅडम ऐकतील तर हसतील, असे ती कुरकुरली. पण आठवडाभराने ती स्वतःच मला हाक मारू लागली.

काल आमची संथा चालू असताना मुलाने बाहेरच्या खोलीत तोच खेळ लावला. प्रेक्षकांचा गजर आत आला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या तिडिकीत मी एकामागून एक चरण म्हणत सुटलो. नातीचा गुडघा अर्ध्यावर थांबला.

‘आजोबा, पळवू नका,’ ती म्हणाली. ‘माझा चरण एकदाच झालाय.’

मी थांबलो. तिने राहिलेला चरण दुसऱ्यांदा म्हटला आणि ओठ आवळून गुडघा पूर्ण वाकवला. बाहेर गजर चालूच होता. राग तसूभरही उतरला नव्हता. पुढचा चरण मी सावकाश म्हटला.