उजव्या खिशातल्या चोवीस बिया

आमच्या क्लबात सगळे ज्यांना चोवीसकाका म्हणत, ते मॅचला आले की पँटच्या खिशात हात घालून बाउंडरीबाहेर उभे राहायचे. नवख्या माणसाला वाटायचं, काय हा थाट. खरं तर काका मोजत असायचे. उजव्या खिशात रतनगुंजेच्या चोवीस बिया असत, ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी सकाळी फिरताना झाडाखालून वेचलेल्या, लाल आणि गुळगुळीत. आमच्या टीममधल्या ईशाननं एक चेंडू टाकला की एक बी उजव्या खिशातून डाव्या खिशात जायची. उजवा खिसा रिकामा झाला की ईशानची बोलिंग त्या दिवसापुरती संपली, मग मॅच राहो की जावो.

ईशान तेव्हा सोळा वर्षांचा होता. इथल्या सेंगकांग उपनगरातला मुलगा, जन्मही याच परक्या देशातला. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. अंगानं शिडशिडीत, आणि चेंडू असा वेगात सोडायचा की नेट्समध्ये त्याची पाळी आली की आमचे चाळिशीतले बॅट्समन पाणी प्यायला निघून जायचे. आमची टीम म्हणजे बँकांतली आणि आयटीतली मंडळी, निम्म्यांच्या गुडघ्यांना पट्टे. मी कॅप्टन होतो, आणि आयुष्यात एकही कप जिंकलेला नव्हतो. अशा माणसाच्या पदरात देवानं हा पोरगा टाकला, आणि त्याच्याबरोबर त्याला बोलिंग शिकवणारे काकाही.

काका मरीन परेडला राहायचे. बँकेतून रिटायर झालेले, कधीचेच इथले नागरिक, तरुणपणी पुण्यात कॉलेजच्या टीमचे कॅप्टन. ईशानला टीममध्ये घेताना त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता: मॅचमध्ये चोवीस चेंडू, त्याच्या वर एकही नाही. वीस ओव्हरच्या मॅचमध्ये बोलरला चारच ओव्हर मिळतात, म्हणजे चोवीस चेंडू. मी हसत हसत हो म्हटलं. यात कबूल करण्यासारखं काय आहे, असंच मला वाटलं.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा न्यारी होती. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या बाजारात, आपण टेबल राखायला टिश्यूचं पाकीट ठेवतो ना, तसं पाकीट ते पिचवर ठेवायचे आणि ईशानला म्हणायचे, "तुझी जागा राखलीय. चेंडूला तिथेच बसव." पाकिटावर चेंडू पडला की शाबासकी नाही, नुसतं नवं पाकीट. एका सकाळी ईशाननं तीन पाकिटं फाडली तेव्हा काकांचा चेहरा असा फुलला होता की त्यांनी आम्हा सगळ्यांना कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली. एरवी त्यांच्या खिशातून टिश्यू आणि बियांशिवाय काही निघत नसे.

मोजण्यात मात्र कसलीच सवलत नव्हती. वाईड पडला तरी बी जायची, नोबॉल पडला तरी जायची. मी एकदा म्हटलं, "काका, वाईड कुठे धरतात?" तर म्हणाले, "स्कोअररला वाईड वेगळा असतो. पाठीला नसतो." मी ते ऐकलं आणि विसरलो.

त्या विसरण्याची किंमत फायनलमध्ये कळली. शेवटच्या ओव्हरमध्ये समोरच्यांना नऊ रन हवे होते, आणि ईशानची चौथी ओव्हर मी त्याच क्षणासाठी जपून ठेवली होती. तो नेमका काकांजवळ, बाउंडरीवर फिल्डिंगला होता. मी चेंडू घेऊन धावत गेलो आणि विचारलं, "टाकशील ना?"

"कॅन, अंकल. कॅन लाह," इथल्या इंग्रजीत 'जमेल की' असं तो म्हणाला आणि टोपी काढायला लागला.

काकांनी खिशातला हात बाहेर काढून तळवा उघडला. चार बिया. आधीच्या ओव्हरमध्ये ईशानचे दोन वाईड पडले होते. मी ओव्हर मोजल्या होत्या, काकांनी चेंडू मोजले होते.

"ओव्हरला सहा लागतात," ते म्हणाले.

"काका, दोन चेंडूंचा तर प्रश्न आहे. आणि तो स्वतः हो म्हणतोय."

"त्याला विचारलंसच कशाला? तो हो म्हणणारच. म्हणून तर मी इथे उभा आहे."

शब्द दिला होता, करतो काय. चेंडू आमच्या एका सीएच्या हातात दिला आणि त्यानं चार चेंडूंत नऊ रन देऊन टाकले. मी काकांशी बोललो नाही. खरं सांगतो, मनातल्या मनात त्यांना पुष्कळ काही बोललो.

आठवड्यानं त्यांचाच फोन आला. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये बोलावून घेतलं, कोपी मागवली. मग म्हणाले, "आमच्या टीममध्ये विजय म्हणून एक होता. ईशानपेक्षा फास्ट. एका फायनलला मी त्याला एका टोकाकडून दुपारभर वापरला. दर ओव्हरला विचारायचो, दमलास का रे? दर वेळी म्हणायचा, नाही. कप जिंकला आम्ही. पुढच्या सीझनला विजय आला तो अंपायरचा कोट घालून. एकोणीस वर्षांचा होता." पुढे म्हणाले, "अजून दिवाळीला फोन करतो मला. एका शब्दानं कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं." माझा राग तिथेच गेला. त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि स्वतःची जरा लाजही वाटली.

त्यानंतर चार वर्षं ते उभे राहिले आणि ईशानची पाठ शाबूत राहिली. नॅशनल सर्व्हिस, म्हणजे इथली सक्तीची लष्करी नोकरी, करून आला तो खांदे भरून. त्या दिवशी काका म्हणाले, "आता याला मोजायची गरज नाही." त्या वर्षी आम्ही कप जिंकलो, आणि काका खिशात हात न घालता उभे राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

गेल्या वर्षी काका मुलीकडे मेलबर्नला कायमचे राहायला गेले. निघताना बियांची बाटली त्यांनी ईशानच्या हातात दिली. मला वाटलं होतं, मला देतील. पण कॅप्टन आता ईशान आहे आणि मी स्कोअर लिहितो, तेव्हा तक्रार नाही.

परवाच्या रविवारी पंधरा वर्षांची सई आमच्याकडून बोलिंग करत होती. तीन ओव्हरमध्ये तीन विकेट, अधेमधे वाईडही. शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना सात हवे होते, आणि ईशाननं चेंडू दुसऱ्याच कुणाला दिला. मला राहवलं नाही. वही मांडीवर तशीच ठेवून मी ओरडलो, "अरे, तिला विचार तरी!"

ईशान वळला. उजव्या खिशात हात घालून उभा होता. आणि चक्क मराठीत म्हणाला, "विचारायचं नाही, अंकल. ती हो म्हणेल."