आगाऊ दिलेली साक्ष

आमच्या मंडळीत एक रीत आहे. देवाकडं काही मागितलं, की ते मिळायच्या आधीच रविवारी उपासनेत उभं राहून त्याचे आभार मानायचे. आधी आभार मानले म्हणजे विश्वास पक्का. नोकरी लागायच्या आधी, लग्न जमायच्या आधी लोक साक्ष देतात. मला ते कधी पटलं नाही. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. पण सुनेला कोण विचारतं.

ह्यांचं औरंगपुऱ्यात घड्याळ दुरुस्तीचं दुकान. काचबिंदूनं एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याची नजर कमी व्हायला लागली तेव्हा ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "उरलीय तेवढी टिकावी म्हणून करतोय. गेलेली परत येत नाही." उरलेलीही टिकली नाही. पट्टी काढली तेव्हा ह्यांना खिडकीचा नुसता उजेड कळत होता. मी त्यांना हात धरून रिक्षात बसवलं आणि हर्सूलला घरी आणलं.

सासूबाई देवगाव रंगारीहून आल्या होत्या. त्यांना सगळं नीट सांगितलं. "डाक्टरला काय कळतंय," म्हणाल्या, आणि रविवारी सगळ्यांपुढं उभ्या राहिल्या. "माझ्या लेकाची पट्टी निघाली. त्याला दिसाया लागलं. प्रभूची स्तुती असो." बाया रडल्या, टाळ्या वाजल्या. पट्टी निघाल्याचं ऐकून लोकांना वाटलं खरंच दिसायला लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण म्हातारीचा चेहरा इतका खुलला होता की माझं तोंडच उघडेना.

मग घरी माणसं यायला लागली. कुणी पेढे आणले, दोघांनी तर बंद पडलेली घड्याळं आणून दिली. ह्यांनी ती घेतली, बोटांनी चाचपली आणि फळीवर ठेवली.

"सांगून टाका की एकदा," मी चिडून म्हटलं.

"माय खोटी पडंल. अन् तिचा देव बी."

"देवाचं देव बघंल. तुमचं कोण बघणार?"

ह्यांनी फळीवरचं एक घड्याळ चाचपून हातात घेतलं. मग म्हणाले, "त्याचं काही चुकत नाय, यावर माझा भरवसा हाय. पण हे त्याला बरोबर कसं वाटलं, ते मला कळंना गं."

लहानपणापासून मी शिकत आले, देव परिपूर्ण आहे, त्याचं शहाणपण आपल्या डोक्यात मावत नाही. शिकायला सोपं होतं. त्या वेळी माझ्या घरातल्या कुणाचे डोळे गेले नव्हते. मला देवाचा राग येत होता, आणि मागायला त्याच्याशिवाय कुणी नव्हतंही.

पुढच्या रविवारी पाळकांनी मोठ्या हौसेनं ह्यांनाच शास्त्रवाचनाला बोलावलं. मी हात धरून पुढं नेलं; ऑपरेशन ताजं, म्हणून त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. पाळकांनी बायबलचं पान उघडून दिलं. ओळी हळूच कानात सांगाव्यात असं माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पुढच्याच बाकावर सासूबाई हात जोडून बसल्या होत्या.

"मायनं आभार मानले, ते मनापासून मानले," हे म्हणाले. "पण मला दिसत नाय. ज्यांची घड्याळं माझ्याकडं हायेत, त्यांनी घेऊन जावीत."

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता पुन्हा साक्ष देणार. त्या पुढं आल्या आणि सगळ्या मंडळीदेखत त्यांनी आपला हात ह्यांच्या डोळ्यांपुढून इकडून तिकडं हलवला. इतक्या दिवसांत त्यांनी हे एकदाही करून पाहिलं नव्हतं. ह्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

"कोण हाय?" ह्यांनी मला विचारलं.

सासूबाई तिथंच पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. "प्रभू, तुलाच ठाऊक," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग मीही तेच म्हटलं. दुसरं काही म्हणता येत नव्हतं.