रविवारचा पहिला फोन

मुलगी सैन्यात भरती झाली तेव्हा जो तो मला विचारायचा, "भीती नाही का हो वाटत?" वाटत होतीच. पण त्या काळात माझं डोकं भीतीपेक्षा वेगळ्याच गोष्टीनं खाल्लं होतं. ती पहिला फोन कुणाला करते?

ती चौथीत असताना आमचा घटस्फोट झाला. मी तिला घेऊन हडपसरला राहायला आले आणि एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली. तिचे बाबा लोणी काळभोरलाच राहिले. तिथे त्यांची रोपवाटिका आहे. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. ती बाई नर्स; मुलगी तिला मावशी म्हणते. मुलगी शनिवारी बाबांकडे जायची आणि रविवारी संध्याकाळी परत यायची. बाकी ताप, गणित, दाताचा डॉक्टर, पालकसभा, सगळं माझ्याकडे. धावणं मात्र बाबांकडे. कालव्याच्या कडेनं तिला पहाटे पळायची सवय त्यांनीच लावली. भरतीच्या मैदानावर ती पहिल्या गटात आली, तेव्हा धावत येऊन तिनं मला मिठी मारली आणि मिठीत असतानाच फोन लावला. त्यांना.

बंगळूरला प्रशिक्षणासाठी निघाली त्या दिवशी पुणे स्टेशनवर आम्ही दोघंही गेलो. मी दिलेला चिवडा-लाडवाचा डबा तिनं बाकाखाली सरकवला आणि बाबांनी आणलेल्या भाजक्या शेंगा मांडीवर घेतल्या.

"माझा डबा खाली का गं?"

"आई, तो जड आहे," ती म्हणाली.

बरोबरच होतं. तरी लागलं. गाडी हलताना तिचे बाबा म्हणाले, "पोचली की फोन कर." कुणाला, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मग आम्ही दोघं वेगवेगळ्या जिन्यांनी बाहेर पडलो.

तिथे मुलींचे मोबाइल जमा करून घेतात. रविवारी थोडा वेळ हातात मिळतात. पहिल्या रविवारी मी कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टीत रिंग ऐकू आली नाही तर? दुपारी फोन आला. आवाज बसलेला.

"आई, बरी आहे मी. जेवण भरपूर असतं. केस कापले. ठेवते, वेळ संपला."

जे केस मी लहानपणापासून तेल लावून वाढवले, त्यांना दोन शब्द मिळाले. मी तशीच बसून होते, तोवर पुन्हा रिंग वाजली. तिचे बाबा. कित्येक वर्षांत त्यांचा मला फोन नव्हता.

"काय म्हणली पोरगी?"

"केस कापले म्हणाली."

"ते मलाबी बोलली. रायफल अजून हातात दिली नाही, ते सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. "सांगितलं की," मी म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. घटस्फोटानंतर त्यांना काय म्हणायचं हे माझं कधी ठरलंच नव्हतं. 'अहो' म्हणायचा हक्क गेला होता आणि नावानं हाक मारायला जीभ वळत नव्हती. म्हणून मी कर्ता गाळून बोलायचे. "जेवण झालं?" "आला होता का फोन?" बातम्यांची देवाणघेवाण म्हणायची, पण दोघंही समोरच्याला किती मिळालं हे चाचपत असायचो. एकदा त्यांच्याकडे माझ्यापेक्षा बरंच जास्त निघालं. तिची मैत्रीण कोण, कवायत शिकवणारे उस्ताद कसे ओरडतात, दोर चढताना हात कसे सोलपटले. मला राहवेना. मी म्हणाले, "माझ्या हातच्या आमटीची फार आठवण येते म्हणाली."

त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मला इतकं बरं वाटलं!

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "पोरीच्या स्वप्नात कालवा येतो. मला सांगत होती."

माझ्या मुलीनं जन्मात कुणाला स्वप्न सांगितलेलं नाही. ती ओंडक्यासारखी झोपते. पण आमटी तरी कुठे खरी होती?

मग एका रविवारी फोन आलाच नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तुला आला?"

"नाही. तिकडे आला असेल तर सरळ सांगावं."

"आईशप्पथ नाही आला."

आवाजावरून कळलं, खरं होतं. तेव्हा मात्र मी फोन लावत सुटले. प्रशिक्षण केंद्राच्या नंबरवर कुणी उचलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि बसनं लोणीला गेले. रोपवाटिकेच्या ऑफिसात ते एकटेच बसले होते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. आम्ही जास्वंदीच्या कुंड्यांकडे बघत बसून राहिलो.

थोड्या वेळानं त्यांची बायको ड्यूटीवरून आली. आम्हा दोघांना तसं बसलेलं पाहून दारातच थांबली.

"ताई, तिचा पाय दुखतोय," ती म्हणाली. "नडगीवर सूज आहे. तिथल्या डॉक्टरांनी काही दिवस पळणं बंद ठेवलंय. काल तपासणीला नेलं होतं, म्हणून घाईत एकच फोन करता आला. काळजीचं काही नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

ती घुटमळली. "मला आला तो फोन. दर रविवारी आधी मलाच येतो. दुखणं अंगावर काढू नको म्हणून मीच सांगितलं होतं. मग तुम्हाला दोघांना करते. सांगू नका म्हणाली होती, पण तुमच्याकडे बघवेना."

मी तिच्या बाबांकडे पाहिलं. "मला नाही, आणि तुला सांगितलं?" ते बायकोला म्हणाले. नेमकं तेच वाक्य माझ्याही ओठांवर होतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका बाजूला होतो, आणि पलीकडे ती बिचारी पर्स खांद्यावर घेऊन उभी. तिनं चहा केला. तो चांगला झाला होता, याचाही मला राग आला.

पाय सुधारला. प्रशिक्षण पूर्ण झालं. शेवटी शपथ घेतात त्या कसम परेडला तिघांनीही जावं असं तिचे बाबा म्हणत होते, पण त्यांच्या बायकोनं रजा मिळत नाही म्हणून सांगितलं. मिळाली असती, हे मला माहीत होतं. मला आनंद झाला, तो कशाला लपवू?

परेडमध्ये सगळ्या मुली सारख्याच दिसत होत्या. मी भलतीलाच बघून रडत होते. तिच्या बाबांनी दाखवलं, "ती नव्हं, तिच्या मागली." परेड सुटल्यावर ती आली. काळी पडलेली, खांदे रुंद झालेले. दोघांना एकदमच कवेत घेतलं. मी तिथल्या तिथे विचारलं, धीरच निघाला नाही.

"मावशीला आधी का करायचीस गं फोन?"

तिनं बाटलीभर पाणी पिऊन संपवलं आणि तोंड पुसलं. "तुला आधी केला की बाबांचं वाईट वाटायचं, बाबांना आधी केला की तुझं. तुला एक गोष्ट सांगितली की त्यांच्यासाठी एक राखून ठेवायची. लहानपणापासून हेच करतेय मी. पाय दुखत असताना ते जमेना, आई. मावशीशी नुसतं बोलता येतं."

मला वाटलं, आमटी आणि कालवा, दोन्ही तिला ठाऊक असणार.

"फोन दे ना," ती म्हणाली. तिनं माझ्याच मोबाइलवरून मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि तो माझ्या हातात दिला, "नीट धर हं." पडद्यावर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ती बाई नर्सच्या गणवेशात उभी होती. मुलीला वर्दीत बघूनही तिनं आधी पायाचंच विचारलं. मुलीनं पँट वर सरकवून नडगी दाखवली, पाय वळवून दाखवला, उडी मारून दाखवली. मी फोन कधी वर, कधी खाली करत होते. बराच वेळ चाललं ते.

"हात दुखला असंल," तिचे बाबा म्हणाले. "आण इकडं, मी धरतो."

"नको," मी म्हणाले. "मी धरते."