रायापूरची दहीवाली

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस धारवाडहून हुबळीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये रायापूरला एक दहीवाली चढत असे. तिचं नाव मला कधी कळलं नाही. मडकं पायांत धरून ती शेजाऱ्याला विचारी, "अण्णा, कुठल्या गावचे?"

एकदा अळणावरकडचा एक म्हातारा बसमध्ये होता. हुबळीच्या केशवापुरात दिलेली लेक फार आजारी असल्याचा निरोप त्याला आला होता, पण जावयाने बिऱ्हाड बदललं होतं आणि नवा पत्ता ठाऊक नव्हता. तो बरोबरच्या गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारत होता.

"यांना काय विचारता, अप्पा? तुम्हाला ठाऊक नाही ते यांनाही नाही," दहीवाली म्हणाली. "जावई काय करतो?"

"शिंपी आहे."

मागच्या बाकावर गुंड्या-दोरे विकणारा फेरीवाला होता. तिची त्याच्याशी ओळख बसपुरतीच. ती ओरडली, "ए दोरेवाल्या, माझं दही तर कधी घेत नाहीस, एवढं तरी सांग. बायको अळणावरकडची असलेला शिंपी केशवापुरात कुठं राहतो?"

"ठाऊक आहे की. कालच दोरा घेतला त्यानं. बायको आता उठून बसते म्हणाला. माझ्याबरोबर चला, अप्पा."

म्हाताऱ्याने तेव्हा कुठे बाकाला पाठ टेकली.